दुपारचाच शो

सर भयपट नेहमी दुपारच्या शोला बघायचे. त्या शोचं तिकीट स्वस्त असतं म्हणून नव्हे. पिक्चर सुटल्यावर बाहेर लख्ख ऊन असायला हवं, एवढीच त्यांची अट होती. हिवाळ्यात दिवस लहान झाले की ते भयपट बंद करून कौटुंबिक सिनेमे बघत आणि संक्रांतीपर्यंत कुरकुरत.

मी त्यांच्या कॉलेजात नवीन लागलो होतो. तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायचो, म्हणजे स्टाफरूममध्ये ज्यांना स्वतःची खुर्ची नसते त्यांतला एक. सर भौतिकशास्त्राचे. उंच, थोडे पुढे वाकून चालणारे, भर उन्हाळ्यातसुद्धा शर्टाचं गळ्याचं बटण लावणारे. पुण्यात लोक त्यांना ओळखत ते शिकवण्यामुळे नाही, भाषणांमुळे. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका छोट्या गटात ते होते. रविवारी एखाद्या शाळेत, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, गणपतीच्या मांडवात उभं राहून भूत, भानामती, करणी असलं काही नसतं हे ते प्रयोगासकट सांगत. जिभेवर कापूर पेटवत, न फोडलेल्या नारळातून लाल दोरा ओढून काढत. आवाज खणखणीत, माईक नसला तरी मागच्या रांगेपर्यंत जाणारा. भाषण संपलं की हटकून एखादी म्हातारी पुढे येऊन म्हणायची, "तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही का हो?" सर हसून विषय बदलायचे. तो प्रश्न ते टाळताहेत हे तेव्हा कुणाच्याच लक्षात यायचं नाही.

एका शनिवारी ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि इकडेतिकडे बघत हळू आवाजात विचारलं, दुपारी मोकळे आहात का. मला वाटलं, भाषणाला नारळ धरायला माणूस हवाय. मी हो म्हटलं. त्यांनी रिक्षा केली ती थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या शनिवार पेठेतलं कुणी चुकूनही फिरकणार नाही अशा एका मॉलमध्ये. रिक्षातून उतरण्यापूर्वी त्यांनी पिशवीतून टोपी काढून डोक्यावर चढवली.

आत गेल्यावर जाहिराती संपल्या, दिवे गेले, आणि सरांनी दोन्ही कानांत बोटं घातली. डोळे मात्र टक्क उघडे. मध्यंतरापर्यंत हा माणूस तसाच बसून होता. मध्यंतरात मी भीत भीत कारण विचारलं. ते म्हणाले की आवाज म्हणजे लबाडी आहे, कानाशी ताट आपटलं तर गायसुद्धा दचकते, त्यात दिग्दर्शकाचं कर्तृत्व काय. आवाज काढून टाकल्यावरही जो पिक्चर घाबरवतो तो खरा. हे तर्कशुद्ध होतं. फक्त मध्यंतरानंतर त्यांनी बोटं काढली आणि माझं मनगट धरलं, ते शेवटच्या पाट्या पडेपर्यंत सोडलं नाही, हे त्या तर्कात कुठे बसत नव्हतं.

बाहेर आल्यावर ते उन्हात एका कठड्यावर बसले. लिंबूसोडा प्यायले. मग रिक्षाने आम्ही पेठेत परत आलो, आणि त्यांच्या इमारतीपाशी मी निरोप घ्यायला लागलो तर ते म्हणाले, वर चला. चहा घेऊन जा. त्यांच्या जिन्याच्या दुसऱ्या वळणावर खिडकी नाही, तिथे दिवसाही अंधार असतो. त्या वळणावर त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. दार सरांच्या पत्नीने, काकूंनी, उघडलं. सरांच्या तोंडाकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "पिक्चरला नेलं होतं वाटतं तुम्हाला. बरं झालं. आता रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवते."

त्या दिवसापासून सरांच्या या गोष्टीत काकूंच्या जोडीला मी आलो.

पिक्चरबद्दलची सरांची मतं ठाम असत आणि ती ते चहाबरोबर सांगत, परीक्षेचे पेपर तपासल्यासारखी. भूत दिसलं की पिक्चर संपला, पुढे नुसती मारामारी. ज्या भुताला आपण भूत का झालो हे सांगायला गाणं लागतं ते भूत नव्हे, तो अर्जदार. पुनर्जन्माच्या गोष्टींना ते बदलीचे पिक्चर म्हणत. सुरा घेऊन पोरापोरींच्या मागे धावणाऱ्या वेड्यांचे सिनेमे त्यांच्या मते भयपटच नव्हते, पोलीस खात्याचं अपयश होतं. चालत्या प्रेतांचे पिक्चर त्यांना अजिबात लागू पडत नसत. संध्याकाळी स्वारगेटच्या बसस्टँडवर उभं राहा म्हणायचे, फुकट दिसतं. हसवता हसवता घाबरवणाऱ्या पिक्चरांवर त्यांचा विशेष राग. "ज्यांना घाबरायची लाज वाटते त्यांच्यासाठी असतात ते," असं एकदा म्हणाले आणि स्वतःच कप उचलून आत ठेवायला गेले.

त्यांना आवडायचे ते साध्या घरातले. गॅसवर कुकर आहे, दोरीवर कपडे आहेत, मूल अभ्यासाला बसलंय, आणि कुठेतरी काहीतरी किंचित चुकलंय. अशा पिक्चरनंतर लिंबूसोड्याचे दोन ग्लास लागत.

लाज त्यांना होतीच, आणि चांगली मुरलेली. एकदा तिकिटांच्या रांगेत असताना त्यांच्या गटातले एक कार्यकर्ते बायकामुलांसह समोरून येताना दिसले. सर रांगेतून असे निसटले की मी वळून बघेपर्यंत ते शेजारच्या दुकानात मोजे निवडत होते. ते गृहस्थ आत येऊन अर्धा तास गप्पा मारत बसले. आमचा पिक्चर बुडाला आणि सरांकडे मोजेच मोजे झाले. परतताना रिक्षात ते खाली मान घालून म्हणाले की दारू पिणारा माणूस निदान उघड्यावर तरी दारूबंदीची भाषणं देत नाही. मी म्हटलं, सर, त्यात काय एवढं, पिक्चरच तर आहे. ते म्हणाले, "पिक्चर बघतो याची लाज नाही हो. घाबरतो त्याची आहे."

मग बघता कशाला, असं मी विचारलं. ते रस्त्याकडे बघत सांगायला लागले. लहानपणापासून त्यांना अंधाराची, रिकाम्या खोलीची, बंद दाराची भीती वाटायची. भौतिकशास्त्र शिकले, दुसऱ्यांची भीती घालवायला लागले, स्वतःची गेली नाही. भुतं नसतात हे त्यांना शंभर टक्के माहीत होतं, आणि त्या माहितीचा जिन्याच्या दुसऱ्या वळणावर काडीचा उपयोग होत नव्हता. थिएटरात मात्र शेपाचशे माणसं एकदम घाबरतात. तिथे आपण वेगळे नसतो. एवढं बोलून त्यांनी रिक्षावाल्याला उगाचच डावीकडे घ्यायला सांगितलं.

हे सगळं सांगतोय ते पुढचं कळावं म्हणून. कारण त्या व्हिडिओमुळे सरांना ओळखणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना एवढंच माहीत आहे की एक अंधश्रद्धावाला भूत समजून किंचाळला.

सिंहगड रस्त्याने खडकवासल्याच्या बाजूला जी मोठी मोठी गृहसंकुलं उभी राहिली आहेत त्यांतल्या एका सोसायटीत सरांचा एक जुना विद्यार्थी राहत होता. त्याने फोन केला. सोसायटीत सातव्या मजल्यावर सातशे दोन नंबरच्या फ्लॅटमध्ये एक बाई राहायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या, वडिलांना सांभाळणाऱ्या. वडिलांचं मन म्हातारपणी भरकटलं होतं. ते अपरात्री उठून मजल्यावरच्या लोकांच्या बेल वाजवायचे, लिफ्टमध्ये बसून वरखाली करायचे. पुढे अंथरुणाला खिळले आणि गेले. ते गेल्यावर कुणीतरी बोललं की रिकामी लिफ्ट आपोआप सातव्या मजल्यावर जाऊन थांबते. सोसायटीच्या ग्रुपवर ते फिरलं. बाईंकडे स्वयंपाकाला येणारी यायची थांबली, झाडूपोछावाली थांबली. लोक आपापल्या मुलांना सातव्या मजल्यावर जाऊ देईनात. कमिटीने ठरवलं की भटजी बोलावून त्या घरात शांत करून घ्यावी. बाईंनी नकार दिला. "माझ्या घरात शांतता भरपूर आहे, तीच जास्त झाली आहे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांच्याशी कुणी फारसं बोलेना.

ही सगळी माणसं शिकलेली, संगणकावर कामं करणारी. विद्यार्थ्याला लाज वाटली आणि त्याने सरांना क्लबहाऊसमध्ये भाषणाला बोलावलं.

संध्याकाळचा कार्यक्रम होता. हॉल भरलेला, मदतीला मी सरांशेजारी व्यासपीठावर. सर रंगात आले होते. कापूर झाला, नारळ झाला, मग ते लिफ्टवर आले. लिफ्टला काम नसलं की तिने कुठेतरी थांबायचं असतं, तो मजला कंपनीवाला ठरवतो, उद्या त्याला फोन करा आणि चौथा करायला सांगा, मग चौथ्या मजल्यावरचे भूत समजायचे का. लोक हसत होते. पुढच्या रांगेतला विद्यार्थी खुशीत माझ्याकडे बघत होता.

आणि वीज गेली. जनरेटर चालू व्हायला अशा ठिकाणी थोडा वेळ लागतोच. हॉल काळाकुट्ट झाला, कुणीतरी लहान मूल रडायला लागलं. मग व्यासपीठाच्या बाजूच्या दारावरचा बॅटरीचा दिवा लुकलुकत पेटला. त्या दिव्याखाली, सरांपासून हातभर अंतरावर, एक बाई उभी होती. अंगावर फिकट शाल. वरून पडलेल्या उजेडात डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या.

सर किंचाळले. साधे दचकले असते तर निभावलं असतं. मागच्या रांगेपर्यंत जाणारा तो आवाज होता, तो पूर्ण लागला. "आई गं" म्हणून ते मागे उडाले, टेबलावर आदळले, नारळ घरंगळत गेला, आणि त्यांनी माझ्या शर्टाची मूठ धरून मला आपल्यापुढे ओढलं. सगळ्या मोबाईलचे उजेड आमच्यावर आले. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी अगदी सहज आवाजात म्हणालं, "अहो सर, त्या सातशे दोनच्या आहेत."

इतका मोठा हशा मी क्वचितच ऐकला असेल. दिवे आले तरी तो थांबेना. मी जमिनीकडे बघत उभा होतो. सरांच्या मुठीत माझा शर्ट तसाच होता, आणि तो त्यांनी सोडावा, लवकर सोडावा, एवढंच मला त्या वेळी वाटत होतं. बाई अजून दारातच होत्या. त्या सगळ्यांकडे नाही, फक्त सरांकडे बघत होत्या. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "बसायला आले होते. पण राहू दे." आणि शाल सावरून निघून गेल्या.

कुणीतरी भाषणाचा व्हिडिओ घेत होतं, तो रात्रीतून सगळीकडे पोचला. सोमवारी सर वर्गात शिरले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हाळी दिल्यासारखा भुताचा आवाज काढला. स्टाफरूममध्ये लोकांनी दिवसभर आपापल्या कपात बघून चहा घेतला. गटाच्या प्रमुखांचा फोन आला, फार सभ्यपणे आला, की सरांनी काही दिवस विश्रांती घ्यावी. सरांनी हो म्हटलं. ते पुन्हा कधीही भाषणाला उभे राहिले नाहीत, हे इथेच सांगून टाकतो. लोकांनी नंतर बोलावलं होतं. त्यांना उभं राहवलं नाही.

पण त्यांना पोळलं होतं ते वेगळंच. काकूंनी मला घरी बोलावून घेतलं तेव्हा ते खिडकीशी बसले होते, दाढी वाढलेली. काकू म्हणाल्या की हे नीट जेवत नाहीत. पिक्चर बघून आल्यावर निदान भूक तरी लागते यांना. सर माझ्याकडे न बघता बोलले. लोक हसले त्याचं काही नाही, मुलं आवाज काढतात त्याचंही नाही, चार दिवसांत थकतील. "त्या बाईंना सगळे भूत म्हणत होते," ते म्हणाले. "मी तिथे गेलो होतो ते भूत नाही म्हणून सांगायला. आणि मी लोकांच्या म्हणण्यावर सही करून आलो."

काकू आतून म्हणाल्या, "मग जाऊन माफी मागून या. खिडकीला सांगून काय होणार आहे."

शनिवारी दुपारी आम्ही दोघं गेलो. सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने सरांना ओळखलं आणि तोंड वळवून हसला. लिफ्ट खरंच सातव्या मजल्यावर थांबलेली होती, ती खाली येईपर्यंत सर आकड्यांकडे बघत राहिले. वर त्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा होता, दुसऱ्याचं दार बंद होतं. सातशे दोनची बेल वाजवायला सरांचा हात उचलेना, म्हणून मी वाजवली.

बाईंनी दार अर्धं उघडलं. आम्हाला ओळखलं. आत या म्हणाल्या नाहीत.

सर म्हणाले, "मी माफी मागायला आलोय. त्या दिवशी अंधारात एकदम कुणीतरी जवळ आहे असं जाणवलं, म्हणून दचकलो. मग तुम्ही दिसलात."

"व्हिडिओत उलटं दिसतं," बाई म्हणाल्या. "आधी मी दिसते, मग तुम्ही ओरडता."

सरांच्या मानेपर्यंत लाली चढलेली मला दिसली. त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला.

"हो," ते म्हणाले. "तुम्हाला बघूनच ओरडलो. मला भीती वाटते. भुतं नसतात हे मला माहीत आहे, आणि तरी वाटते. आजवर कुठल्याही भाषणात हे सांगितलं नाही, कारण लाज वाटते. ती सांगितली असती तर कदाचित तुम्हाला त्या दिवशी कुणी हसलं नसतं."

"मला नाही हसले ते. तुम्हाला हसले."

"मला हसले ते ठीक आहे. पण तुम्ही गेलात निघून."

बाईंनी दार पूर्ण उघडलं. मग एकदम त्यांनी विचारलं, "आता घाईत आहात का?"

सर नाही म्हणाले.

त्यांचं असं होतं की वडिलांसाठी भाड्याने आणलेला दवाखान्यातला पलंग अजून घरातच पडून होता. दुकानाची माणसं तो त्या दुपारी न्यायला येणार होती, अमुक वाजता म्हणून सांगत नव्हती. आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. ते थेंब घालतात, मग धड दिसत नाही, सोबत माणूस लागतो. सोबत कुणी येत नव्हतं आणि घरात कुणी थांबत नव्हतं, म्हणून दोन्ही कामं पुढे पुढे जात होती. त्यांनी हे रडून सांगितलं नाही, हिशेब मांडल्यासारखं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "यांना माझ्याबरोबर पाठवा. तुम्ही इथे बसा. बाबांची खोली त्या टोकाला आहे. दार लोटलेलं आहे."

मी म्हणणार होतो की मी थांबतो, सर तुमच्याबरोबर येतील. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते गिळलं. ते चपला काढून आत गेले, हॉलमधली एक खुर्ची उचलली, आणि ती उंबऱ्यापाशी आणून ठेवली, अर्धी घरात, अर्धी बाहेर. "दार उघडं ठेवलं तर चालेल ना?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "चालेल. एरवी कोण येतंय."

डॉक्टरकडे गर्दी होती. थेंब घालून डोळे मिटून बसलेल्या बाई मध्येच मला विचारत होत्या, फोन आला का तुमच्या सरांचा. आला नव्हता. मलाच राहवत नव्हतं. चहा प्यायला बाहेर पडलो तेव्हा मी दोनदा मोबाईल काढला आणि ठेवून दिला. त्यांनी उचलला नसता तर मी काय केलं असतं कोण जाणे. परतताना रिक्षात बाईंनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला होता, ऊन सहन होत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या की बाबा कुणाच्या बेल वाजवायचे तेव्हा त्यांना वाटायचं आपलंच घर आहे आणि आतून मीच दार उघडत नाही. हे त्यांनी कमिटीला सांगितलं नव्हतं. सांगून काय करायचं.

सोसायटीच्या फाटकातून आत आलो तर अंगणात टेम्पो उभा होता आणि त्यात तो पलंग चढवलेला. दुपारी आम्ही आलो तेव्हा तिथे सायकली फिरवणारी मुलं होती. आता एकही नव्हतं.

आम्ही वर आलो. लिफ्टचं दार उघडलं आणि बाई बाहेर पाऊल टाकता टाकता थबकल्या. डोळे बारीक करून खाली बघायला लागल्या.

"हे काय पडलंय माझ्या दारात?"

"चपला आहेत," मी म्हटलं.

त्या खाली वाकल्या आणि हाताने चाचपून बघायला लागल्या. रबरी चपला, एका पोराचे बूट, एक चाकांचा बूट आणि त्याच्यापासून दूर पडलेला दुसरा, एका कोपऱ्यात सरांच्या चपला. दिसत नसल्यामुळे त्या एकेक उचलून तोंडाजवळ नेऊन बघत होत्या. मी मध्ये बोललो नाही.

काय झालं ते नंतर सरांनी सांगितलं. पलंग खाली उतरताना मुलांनी पाहिला आणि ती जिन्याने वर धावली. उंबऱ्यावरच्या खुर्चीत हे बसलेले, चेहरा पांढराफटक. एका मुलीने लांबूनच विचारलं, तुम्ही व्हिडिओतले का. हे हो म्हणाले. मग तिने विचारलं, आत भूत आहे का. सर म्हणाले, नाही, पण मला एकट्याला बसायची भीती वाटतेय, तुम्ही येता का थोडा वेळ. मुलांनी आपापसांत काहीतरी ठरवलं आणि ती आत गेली. मग कुणी भुताच्या पिक्चरचा विषय काढला आणि सर खुर्ची घेऊन आत सरकले.

आम्ही आत गेलो तेव्हा ती सगळी फरशीवर बसली होती. सर त्यांना सांगत होते की भुताचा पिक्चर बघताना कानात बोटं घालावीत, आणि दोन मुलांनी आधीच घातली होती. बाईंना बघून सगळे गप्प झाले. दोघं तिघं उठायला लागली. घरी कळलं तर काय, ही भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट होती.

मघाच्याच मुलीने खुलासा केला. "काकू, हे आजोबा एकटे घाबरतात. म्हणून आम्ही बसलोय."

सरांनी मान खाली घातली. पण विषय बदलला नाही.

बाई भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघराकडे गेल्या. आत डब्यांचे आवाज झाले. मग तिथूनच त्या म्हणाल्या, "मला आज पोह्यांचा डबा कुठला ते दिसायचं नाही. शोधायला कोण येतंय?"

सगळी पोरं एकदम उठून पळाली. हॉल रिकामा झाला. सर खुर्चीत एकटे राहिले. त्यांनी त्या टोकाच्या लोटलेल्या दाराकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तेही उठून मुलांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.